घरच्या डॉकवर लो-व्होल्टेज दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटाच्या उत्तरेला लेक लेनियरच्या काठी ज्यांनी घर घेतलं आहे किंवा घ्यायचा विचार आहे, अशा मराठी कुटुंबांसाठी हे लिहिलं आहे. घराबरोबर तरंगता डॉक, म्हणजे बोट लावायचा लाकडी फलाट, येतो. पहिल्या उन्हाळ्यात पाहुणे येतात, रात्री उशिरापर्यंत मंडळी पाण्याकाठी बसतात आणि मग डॉकवर दिवे हवेत असं वाटतं. ते हवेतच, कारण अंधारात ओल्या फळ्यांवरून चालणं धोक्याचं आहे. पण ते कसे बसवता याला फार महत्त्व आहे. पाण्यावर फक्त 12 व्होल्ट जातील, 120 व्होल्ट जमिनीवरच राहतील, एवढं पाळलंत तर अर्धं काम झालं.

लो-व्होल्टेज म्हणजे नेमकं किती?

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, म्हणजे वीजकामाच्या नियमावलीत, अशा दिव्यांसाठी एसीला 30 आणि डीसीला 60 व्होल्टची कमाल मर्यादा आहे. घरगुती बागेचे आणि डॉकचे बहुतेक दिवे 12 व्होल्टवर चालतात. जिथे ओल्या अंगाचा स्पर्श होऊ शकतो तिथे कोडची मर्यादा याहून कडक आहे: एसीसाठी 15 व्होल्ट आणि स्थिर डीसीसाठी 30 व्होल्ट. डॉकवर माणूस पोहून वर येतो, अनवाणी असतो, कपडे निथळत असतात. म्हणून 24 व्होल्ट एसीचा संच कुणी सुचवला तर नको म्हणा, 12 वरच राहा.

120 व्होल्टची एवढी भीती कशाला? ब्रेकर असतो ना?

ब्रेकर तारेला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. साधा घरगुती ब्रेकर 15 किंवा 20 अँपिअरला पडतो. म्हणजे किमान 15,000 मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून 10 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तरी स्नायूंवरचा ताबा सुटतो आणि 100 मिलिअँपिअर हृदयाची लय बिघडवायला पुरेसे असतात. एवढ्याशा प्रवाहाने ब्रेकर हलतसुद्धा नाही.

पाण्यात काय होतं ते नीट समजून घ्या. डॉकवरची एखादी तार घासून उघडी पडते किंवा जोडात पाणी शिरतं. तिथून वीज डॉकच्या धातूच्या सांगाड्यात उतरते. सांगाड्याचं अर्थिंग शाबूत नसेल तर ती पाण्यात पसरते आणि तिच्या मूळ ट्रान्सफॉर्मरकडे परत जायची वाट शोधते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. पोहणारा माणूस त्या पट्ट्यात आला की त्याचे हातपाय आखडतात, त्याला हाक मारता येत नाही आणि तो बुडतो. याला इथे इलेक्ट्रिक शॉक ड्राउनिंग म्हणतात. शरीरावर बहुतेक वेळा खूण राहत नाही, म्हणून असे किती मृत्यू साधे बुडण्याचे समजून नोंदले गेले असतील हे सांगणं कठीण आहे.

4 जुलै 2012 या एकाच दिवशी मिसुरीच्या लेक ऑफ द ओझार्क्समध्ये दोन भावंडं आणि टेनेसीच्या चेरोकी लेकवरच्या एका मरीनात (बोटी ठेवायच्या तळावर) दोन लहान मुलं अशीच गेली. आपल्या लेनियरवर जुलै 2023 मध्ये 24 वर्षांच्या एका तरुणाने डॉकवरून पाण्यात उडी मारली आणि विजेच्या धक्क्याने तो गेला. ही नेहमीसारखी घरची, सुट्टीच्या दिवसातली माणसं होती. म्हणून या विषयात मी कुणालाही 'चालतंय की' म्हणू देत नाही.

गोड्या पाण्यात धोका जास्त असतो हे खरं का?

खरं आहे. समुद्राचं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे, त्यामुळे प्रवाह माणसाला वळसा घालून पाण्यातूनच जातो. तलावाचं पाणी त्या मानाने वाईट वाहक. आपलं शरीर आतून खारट, म्हणजे तलावाच्या पाण्यापेक्षा सोपी वाट. प्रवाह तीच धरतो. लेनियर पूर्ण गोड्या पाण्याचा आहे.

पाण्यात कुणाला शॉक बसतोय असं वाटलं तर काय करायचं?

पाण्यात उडी मारू नका. वाचवायला गेलेली माणसंही यात दगावली आहेत. आधी वीज बंद करा, आणि त्यासाठी डॉकची मुख्य स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनासुद्धा, आधीच दाखवून ठेवा. मग लाइफ रिंग किंवा तरंगणारी कुठलीही वस्तू दोरीला बांधून फेका आणि 911 ला फोन करा. पोहणाऱ्याला नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर त्याला डॉकपासून दूर, आल्या वाटेने मागे जायला ओरडून सांगा. डॉकची धातूची शिडी पकडू देऊ नका. माणूस घाबरला की शिडीकडेच धावतो आणि गळती बहुधा तिथेच सगळ्यात तीव्र असते.

म्हणजे 12 व्होल्टचे दिवे लावले की डॉकजवळ पोहायला हरकत नाही?

आहे. दिवे 12 व्होल्टचे असतील, पण बोट वर उचलणारी लिफ्ट 120 किंवा 240 व्होल्टची असते. शेजारी पंख्यासाठी, फ्रिजसाठी किंवा बोटीची बॅटरी चार्ज करायला सॉकेट असतं. शेजाऱ्याच्या डॉकवरची गळतीही तुमच्या पाण्यात येऊ शकते. ज्या डॉकवर 120 व्होल्ट आहेत त्याच्या जवळ पोहायचं नाही, हा नियम दिव्यांमुळे बदलत नाही. मुलांना पोहायचं असेल तर तलावावर नेमून दिलेले पोहण्याचे किनारे आहेत, तिथे न्या.

पाण्यात व्होल्टमीटरचे टोक बुडवून शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होणारेही भेटतात. लिफ्ट चालू झाल्यावर किंवा संध्याकाळी दिवे लागल्यावरच गळती सुरू होत असेल, तर दुपारच्या शून्याला काही अर्थ नाही.

ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचा?

जमिनीवर. शक्यतो घराच्या भिंतीवर, बाहेरच्या सॉकेटशेजारी. डॉकवर नाही, गँगवेवर (किनारा आणि डॉक जोडणाऱ्या फळीवर) नाही, पाण्यालगतच्या खांबावरही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला 120 व्होल्ट असतात, तेव्हा तो डॉकवर नेला की दिवे लो-व्होल्टेज असूनही 120 व्होल्ट पाण्यावर आणल्यासारखंच झालं. तरंगत्या डॉकवर वीजजोडण्या पाण्यापासून किमान 30 इंच आणि डॉकच्या फळ्यांपासून किमान 12 इंच वर असाव्यात असं कोडचं मोजमाप सांगितलं जातं. ट्रान्सफॉर्मर घराजवळच असला तर हा प्रश्नच उरत नाही.

कुठला ट्रान्सफॉर्मर घ्यावा? ऑनलाइन फार स्वस्त मिळतात.

तो आयसोलेटिंग प्रकारचा हवा. म्हणजे 120 व्होल्टचं वेटोळं आणि 12 व्होल्टचं वेटोळं यांच्यात तारेचा थेट संबंध नसतो, दोघांमध्ये फक्त चुंबकीय क्षेत्र असतं. त्यामुळे 12 व्होल्टच्या तारेला जमिनीकडे परत जायची वाटच नसते. स्वस्त, बिनशिक्क्याच्या पॉवर सप्लायमध्ये ही विभागणी खरोखर आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. आत बिघाड झाला तर 12 व्होल्टच्या तारेवर 120 येऊ शकतात. बागेच्या दिव्यांसाठी यूएल 1838 हे प्रमाणक आहे. डब्यावर यूएल किंवा ईटीएल या सुरक्षा-चाचणी संस्थांचा शिक्का आणि 'बाहेर वापरण्यास योग्य' असा उल्लेख पाहूनच घ्या. या एका वस्तूवर पैसे वाचवू नका.

आणखी एक गोष्ट अनेक हौशी लोक उत्साहाने चुकवतात: 12 व्होल्टच्या बाजूला अर्थिंग करायचं नाही. कोडचंच तसं सांगणं आहे. अर्थिंग केलं की मिळवलेलं वेगळेपण हातचं गेलं. डॉकचा धातूचा सांगाडा मात्र, तिथे लिफ्ट किंवा सॉकेट असेल तर, नीट बाँडिंग करून, म्हणजे अर्थिंगच्या तारेशी जोडून, घेतलेला हवाच.

ट्रान्सफॉर्मर जीएफसीआय (गळती पकडून वीज तोडणाऱ्या) सॉकेटला लावला आहे. आता दिव्यांची गळतीही पकडली जाईल ना?

नाही. जीएफसीआय 4 ते 6 मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडतो, पण तो त्याच्या पुढच्या 120 व्होल्टच्या मंडळापुरताच पाहतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. तरीही तो हवाच, कारण ट्रान्सफॉर्मरच्या डब्यात पाणी गेलं किंवा त्याची वायर कुरतडली गेली तर तोच वाचवतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेली नाही तर त्याच दिवशी बदला. बोटीच्या लिफ्टसाठीही घरगुती डॉकवर जीएफसीआय संरक्षण कोडने सक्तीचं केलं आहे. जुन्या डॉकवर ते बहुधा नसतं, घर घेताना मुद्दाम विचारा.

तार किती जाड घ्यावी? शेवटचे दिवे मिणमिणतात.

लेनियरवर हा प्रश्न सगळ्यांनाच येतो. कारण घर आणि पाणी यांच्यामध्ये आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सची, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची, जमीन असते आणि डॉक घरापासून बराच लांब पडतो. 12 व्होल्टमध्ये दोन व्होल्ट वाटेत गेले तरी ते लगेच दिसतं.

हिशोब सोपा आहे, स्वतः करून पाहा. समजा 4 वॅटचे 12 दिवे आहेत, म्हणजे 48 वॅट, 12 व्होल्टला 4 अँपिअर. डॉक 200 फुटांवर. जायची-यायची मिळून तार 400 फूट. 12 गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेला 1000 फुटांमागे सुमारे 1.6 ओम रोध असतो, म्हणजे 400 फुटांना 0.64 ओम. 4 अँपिअरने गुणा: सुमारे 2.5 व्होल्ट वाटेतच गेले. डॉकवर पोचले साडेनऊ. 10 गेजने 1.6 व्होल्ट जातात, 8 गेजने एक.

बहुतेक लोक इथे जाड तारेच्या मागे लागतात. मी आधी दिव्यांकडे पाहायला सांगतो. डॉकवर 4 वॅटचा एलईडी कशाला? पायाखालची फळी दिसायला दीड वॅट पुरतो. 12 दिव्यांचे 18 वॅट झाले, प्रवाह दीड अँपिअर, आणि त्याच 12 गेजच्या तारेत एका व्होल्टपेक्षा कमी गळतो. बहुतेक चांगले एलईडी दिवे 9 ते 15 व्होल्टच्या दरम्यान सारखाच उजेड देतात, त्यामुळे काम झालं. तरी कमी पडलं तर ट्रान्सफॉर्मरचा 13 किंवा 14 व्होल्टचा टॅप, म्हणजे थोडे जास्त व्होल्ट देणारं टोक, वापरा. 15 च्या वर जाऊ नका. आणि जवळचा दिवा बसवण्याआधी त्याच्या टोकांवर मीटर लावून पाहा, कारण वाढवलेले व्होल्ट आधी त्यालाच मिळतात.

12 व्होल्टने आग लागू शकते का?

लागू शकते. शॉकचा धोका व्होल्टवर अवलंबून असतो, तापण्याचा अँपिअरवर. 300 वॅटचा ट्रान्सफॉर्मर 25 अँपिअर देऊ शकतो आणि सैल जोड तेवढ्याने लाकूड पेटवू शकतो. गरजेपुरता छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. वर सांगितलेल्या 18 वॅटला 60 वॅटचा भरपूर झाला.

तलावाची पातळी खाली-वर होते. तार ओढली जाऊन तुटणार नाही?

नीट विचार केला नाही तर नक्की तुटेल. लेनियर हा ब्यूफर्ड धरणाने अडवलेला जलाशय आहे आणि त्याची उन्हाळ्यातली पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1071 फूट. 2007 च्या दुष्काळात ती त्याखाली सुमारे 20 फूट गेली होती. अशा वेळी लोक डॉक पाण्यामागे पुढे सरकवतात. तारेची लांबी आजच्या पातळीला मोजून कापलीत तर त्या वर्षी सगळं उखडेल.

म्हणून किनाऱ्यावर, पूररेषेच्या वर, एका जलरोधक पेटीत जोड ठेवा. तिथून पुढची तार लवचिक, बाहेरच्या वापराची, बारीक तंतूंची हवी. एकसंध जाड तंतूची तार रोज हलून हलून आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही. गँगवेच्या दोन्ही बिजागरांपाशी सैल वळण सोडा. ते वळण पाण्याला टेकणार नाही आणि गँगवेच्या सांध्यात चेपलं जाणार नाही, याची खात्री गँगवे हाताने वर-खाली करून घ्या. शक्य असेल तर पेटीपाशी प्लग-सॉकेटचा जलरोधक जोड ठेवा, म्हणजे डॉक हलवायची वेळ आली की तार सोडवता येईल.

जोड कसे करायचे?

काळी टेप गुंडाळून तर मुळीच नाही. बागेच्या दिव्यांबरोबर येणारे, तारेत सुया खुपसणारे क्लिपचे जोडही डॉकवर टिकत नाहीत. ओल तारेत शिरते आणि तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं. आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवून दाबलेला जोड सर्वांत भरवशाचा. तार कथिलाचा मुलामा दिलेली, बोटीत वापरतात तशी मिळाली तर उत्तम. महाग पडते, पण पुन्हा पुन्हा फळ्या उचकटण्यापेक्षा स्वस्तच. जोड जितके कमी तितकं बरं, आणि सगळे फळ्यांच्या वरच्या बाजूला हाताला येतील असे ठेवा. फळीखालचा जोड कुणीही पुन्हा तपासत नाही.

तरंगत्या डॉकखालच्या फ्लोटला भोक पाडून क्लिप बसवायची नाही, हे वेगळं सांगायला हवं. आत फोम असतो, वरचं कवच फुटलं की त्यात पाणी भरतं.

दिवे कोणते आणि कुठे?

पितळ किंवा ब्राँझ. मग 316 दर्जाचं स्टेनलेस. ॲल्युमिनियमचे दिवे ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडावर थेट ठोकू नका, लाकडातल्या तांब्याच्या क्षारांनी ते गंजून भोकं पडतात. पाणी आत न शिरण्याच्या दर्जात आयपी 67 च्या खाली जाऊ नका, कारण डॉकवर लाटही येते.

जागा निवडताना गुडघ्याच्या खाली आणि प्रकाश खाली पडेल असे. सगळ्यात आधी गँगवे जिथे डॉकला टेकतो ती कड, मग पायऱ्या, मग बोट बांधायच्या खुंट्या, मग डॉकचे पाण्याकडचे कोपरे. एवढं झालं की थांबलात तरी चालेल. डोळ्यांच्या उंचीवरचा झगझगीत दिवा डॉक सुंदर दाखवतो आणि पाणी आंधळं करतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात आणि बोटीतून परतणाऱ्याचा तो सराव एका फ्लडलाइटने क्षणात जातो. फळीत खाचून बसवायचे सपाट दिवे दिसायला देखणे असतात, पण त्यांच्याभोवती पाणी साचून राहतं. मी ते टाळतो.

लाल-हिरवे, रंग बदलणारे दिवे चालतील का?

नको. रात्री बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. समोरून येणारी बोट कुठे वळते आहे हे चालक त्यावरूनच ठरवतो. तुमच्या कोपऱ्यावरचा लाल दिवा त्याला दुसरी बोट वाटू शकते. लुकलुकणारे दिवेही तसेच. 2700 केल्विनचा पिवळसर पांढरा छान दिसतो. अंबर रंगाकडे झुकलात तर किडेही कमी येतात, आणि किडे कमी म्हणजे कोळ्यांची जाळी आणि सकाळची झाडलोटही कमी.

मासे जमावेत म्हणून पाण्याखाली हिरवा दिवा सोडायचा आहे.

दिव्याभोवती आधी सूक्ष्म जीव जमतात, मग छोटे मासे, मग मोठे, आणि मुलं तासन् तास बघत बसतात. मजा खरी आहे. पण बाजारात याच कामाचे 120 व्होल्टचे दिवेही मिळतात आणि ते मी कुणाच्याही डॉकला लावू नका म्हणेन. पाण्यात बुडवण्यासाठीच प्रमाणित केलेला 12 व्होल्टचा दिवा घ्या, त्याची तार कारखान्यातच बसवलेली असावी, आणि पाण्याखाली एकही जोड नको. तो स्वतंत्र स्विचवर ठेवा. तार खरवडली दिसली की दुरुस्त न करता टाकून द्या.

सोलर चांगलं की तारेने?

घर ते डॉक अंतर दोनशे-अडीचशे फुटांपेक्षा जास्त असेल तर माझं मत स्पष्टपणे सोलर. कोअरच्या जमिनीतून चर खणायचा नाही, घरच्या विजेशी संबंधच नाही, त्यामुळे 120 व्होल्ट पाण्याकडे यायचा रस्ताच बंद.

फक्त खुंट्यांवर टोपीसारखे बसणारे छोटे सोलर दिवे म्हणजे सोलर नव्हे. ते एखाद-दोन मोसमांत मंद पडतात. डॉकच्या छपरावर एक पॅनेल आणि खाली एक बॅटरी असा संच करा. 18 वॅटचे दिवे पाच तास म्हणजे 90 वॅट-तास. 12 व्होल्ट, 20 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे 250 वॅट-तास साठवते, म्हणजे दोन ढगाळ दिवस निघतात. हिवाळ्यात दिवसाला तीनच तास पूर्ण ऊन धरलं आणि तीस टक्के वाया गेले असं मानलं तरी 50 वॅटचं पॅनेल 105 वॅट-तास भरतं. बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज लावा, ते विसरू नका.

परवानगी कुणाची?

लेनियरचा काठ केंद्र सरकारचा आहे आणि कारभार कोअरकडे. डॉक तुमचा असला तरी तो त्यांच्या परवान्यावर उभा आहे आणि त्यांच्या जमिनीतून तार न्यायची तर तीही परवान्यात यावी लागते. वीज असलेल्या डॉकसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र मागितलं जातं. शिवाय काउंटीचं वीजकामाचं परमिट आणि तुमच्या वसाहतीची एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना. खणण्याआधी 811 ला फोन करा, ते जमिनीखालच्या वाहिन्या फुकट खुणा करून देतात. 12 व्होल्टची तार सहा इंच खोल पुरली तरी कोडला चालते.

हे काम स्वतः केलं तर?

12 व्होल्टच्या बाजूचं, हात चालत असेल आणि परमिट परवानगी देत असेल तर, जरूर करा. सॉकेट, जीएफसीआय, लिफ्ट, डॉकचं बाँडिंग हे सगळं परवानाधारक माणसाकडून, आणि त्यातही ज्याने डॉकची कामं केली आहेत अशाकडून. कोडच्या कलम 555 मध्ये मरीना आणि डॉकचे नियम आहेत आणि 2017 च्या आवृत्तीपासून ते घरगुती डॉकनाही लागू झाले. त्याला सरळ विचारा, 555 माहीत आहे का. उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरा शोधा.

दिवाळीत डॉकवर माळा सोडायच्या आहेत.

घरातून एक्स्टेन्शन कॉर्ड ओढून 120 व्होल्टच्या माळा नकोत, एका रात्रीसाठीही नकोत. भारतातून आणलेल्या माळा 230 व्होल्टच्या असतात आणि इथल्या पाण्याजवळ त्यांचं काही काम नाही. बॅटरीवरच्या किंवा तुमच्या 12 व्होल्टच्या संचाला चालतील अशा माळा मिळतात. संच एसी असेल तर माळ एसीची, डीसी असेल तर डीसीची, एवढं जुळवून घ्या. पणत्या मात्र घराच्या ओसरीवर लावा. डॉकवर पेट्रोलची बोट असते.

आमचं घर फ्लोरिडात समुद्राकाठी आहे.

शॉकचा धोका थोडा कमी, गंजाचा कितीतरी जास्त. पितळाशिवाय काही टिकत नाही. समुद्री कासवांच्या किनाऱ्याजवळ असाल तर तिथल्या वन्यजीव खात्याच्या सांगण्याप्रमाणे 560 नॅनोमीटरहून लांब लहरीचे, म्हणजे अंबर किंवा लाल, झाकलेले दिवे लागतात. बोटींच्या वाटेवर लाल टाळायचा आहे, म्हणून तिथे अंबर हाच मेळ.

गोव्यात खाडीकाठच्या घराला छोटी जेटी आहे. तिथे हेच चालेल?

तत्त्व तेच, सामान वेगळं. तिथे 230 व्होल्ट, त्यामुळे इथून नेलेला 120 चा ट्रान्सफॉर्मर जळेल. संरक्षणाला गळती पकडणारा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो, इथल्या जीएफसीआयइतका हळवा नाही; जेटीच्या मंडळासाठी 10 मिलिअँपिअरचा मागा. भरती-ओहोटी रोजची, तेव्हा सगळ्या जोडण्या उधाणाच्या भरतीच्या रेषेपासून दोन फूट तरी वर हव्यात. बांधकाम किनारा नियमन क्षेत्रात येतं, म्हणून जेटीला हात लावण्याआधी गोवा कोस्टल झोन मॅनेजमेंट ऑथॉरिटीकडे चौकशी करा. पावसाळ्यात चार महिने वाडीतली वीज वारंवार येते-जाते. मी असतो तर तिथे सोलर आणि बॅटरीच लावली असती.

वर्षभरात काय तपासायचं?

मोसम सुरू होण्याआधी एकदा दिवसा, मुख्य स्विच बंद करून, तारेवरून हात फिरवत डॉकच्या टोकापर्यंत जा. कुठे घासली आहे, कुठे खारीने कुरतडली आहे, कुठली क्लिप निघाली आहे हे हाताला कळतं. मग दिवे लावून शेवटच्या दिव्याचे व्होल्ट मोजा आणि ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाच्या आत पेन्सिलने तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी आकडा अर्ध्या व्होल्टने उतरला असेल तर एखादा जोड गंजतो आहे. मोठ्या वादळानंतर आणि डॉक हलवल्यानंतर हेच पुन्हा करा. लिफ्ट असेल तर वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून क्लॅम्प मीटरने गळती मोजून घ्या, आणि ती मोजताना लिफ्ट चालू ठेवायला सांगा.